भूलताईंची मोजणी

भूलताईंचा आवाज ऑपरेशन थिएटरच्या दोन्ही दारांना पुरून उरायचा. भूल देणाऱ्या डॉक्टरचा आवाज मऊ असावा, ऐकता ऐकता डोळा लागावा, अशी आपली भाबडी समजूत. या बाईंच्या आवाजानं झोपलेला माणूस ताडकन उठून बसला असता. पण टेबलावर घेतलेल्या पेशंटचा हात हातात धरून त्या म्हणायच्या, "मी इथंच आहे, कुठं जात नाही," आणि थरथरणारा माणूस मुकाट्यानं डोळे मिटायचा. त्या खरंच कुठं जात नसत. ऑपरेशन कितीही लांबलं तरी पेशंटच्या उशाशी बसून राहायच्या, आणि भुकेचा राग नंतर चहावाल्यापासून अधीक्षकांपर्यंत जो समोर येईल त्याच्यावर निघायचा. पन्नाशी उलटलेली, अंगानं भरलेली, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधत फिरणारी ही बाई हॉस्पिटलात सगळ्यांची भूलताई होती. फक्त त्यांचे दादा त्यांना अजूनही छकुली म्हणत, आणि छकुली ऐकलं की आवाजाची पट्टी आपोआप खाली यायची.

हॉस्पिटलात दरारा होता तो मात्र बड्या सरांचा. सर्वांत जुने सर्जन, हात सोन्याचे आणि जीभ तिखट. जखम शिवायला घेण्याआधी ते दोन्ही हात वर धरून थांबत आणि एकच शब्द विचारत, "मोजणी?" मग सिस्टर रक्त टिपायला आत घातलेल्या गॉझच्या घड्या मोठ्यानं मोजायच्या. जितक्या आत गेल्या तितक्या बाहेर आल्या असल्या की म्हणायच्या, "बरोबर, सर." त्यानंतरच सरांच्या हातात सुई जायची. ही मोजणी सगळ्याच थिएटरांत होते, पण बड्या सरांनी तिचं व्रत केलं होतं. एकदा एक घडी कमी भरली, तर त्यांनी दाराला आतून कडी घालायला लावली आणि घडी सापडेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही असं फर्मावलं. सगळे फरशीवर रांगत होते, सर स्वतः टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले होते. शेवटी ती घडी सापडली एका मदतनीस डॉक्टरच्या चपलेच्या तळव्याला चिकटलेली. त्या बिचाऱ्यानं पुढं कितीतरी दिवस थिएटरात शिरताना चप्पल उलटी करून दाखवली.

त्याच हॉस्पिटलात आणखी एक रीत होती, आणि तिच्याबद्दल कुणाला काही विशेष वाटत नसे. एका डॉक्टरनं लिहिलेल्या औषधाला दुसऱ्या डॉक्टरनं हात लावायचा नाही. ही सभ्यता मानली जायची. बड्या सरांसारख्यानं काही लिहिलं असेल तर त्याखाली 'चालू ठेवा' एवढंच लिहून सही करायची आणि पेशंटला पुढं पाठवायचं. नव्या डॉक्टरांना हे कुणी शिकवत नसे. आल्या आल्या ते आपोआप शिकायचे, अगदी आयतं वाढलेलं ताट समोर आल्यासारखं.

आता दादांकडे येऊ. दादा दारं-खिडक्या करत. घराच्या मागच्या शेडमध्ये त्यांचं वर्कशॉप होतं, आणि त्यांनी बसवलेलं दार ओलाव्याच्या दिवसांत फुगून अडकलं असं शहरात कुणी म्हणून दाखवावं, असं त्यांचं आव्हान असे. एक भलंमोठं दार उचलताना कमरेत कळ आली ती आलीच. मणक्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. ऑपरेशन बड्या सरांनी केलं, भूल बहिणीनं दिली. ऑपरेशन उत्तम झालं. नंतरचे काही दिवस फार दुखतं, म्हणून अफूच्या कुळातली जोरदार वेदनाशामक गोळी सुरू केली. तेही योग्यच होतं. त्या दुखण्यात माणसाला नुसतं 'सोसा' म्हणणं म्हणजे छळ, आणि भूलताईंनी आयुष्यभर त्या छळाविरुद्धच भांडणं केली होती.

दादा घरी गेले, हिंडूफिरू लागले. भूलताई आपल्या कामात बुडाल्या. भाऊ बरा झाला म्हणून त्यांनी मनातल्या मनात त्याच्या नावापुढे खूण केली आणि विसरून गेल्या. मध्ये घरी जेवायला जमले की दादा गप्प गप्प असत, पोट साफ नसल्याची तक्रार करत, बसल्या जागी पेंगत. वय झालं, असं सगळे म्हणाले. वहिनी तर म्हणाल्या, आयुष्यभर बडबड केली, आता जरा शांतता मिळतेय तर मिळू दे.

एका दुपारी वहिनींचा फोन आला. दादांना विचित्र सर्दी झालीय, असं त्या सांगत होत्या. नाक गळतंय, डोळे गळतायत, सारख्या जांभया येतायत, अंगावर काटा उभा राहतोय, पोट बिघडलंय, आणि मुख्य म्हणजे वर्कशॉपमधल्या कारागिरावर करवत घेऊन धावले.

"करवत घेऊन?" भूलताई ओरडल्या.

"मारायला नाही हो वन्सं. त्यानं ती लपवली होती म्हणून हिसकावून घ्यायला. ह्यांचे हात इतके थरथरतात की तो यंत्राजवळ जाऊ देईना."

भूलताई पोचल्या तेव्हा दादा पलंगाच्या कडेला पाय पोटाशी घेऊन बसले होते. घामानं सदरा भिजला होता. "सर्दीये गं छकुले," म्हणत त्यांनी जांभई दिली. ती जांभई संपता संपता दुसरी आली. भूलताईंनी त्यांची बाही वर सारली. हातावर सोललेल्या कोंबडीसारखा काटा होता, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. वैद्यकाच्या पुस्तकात जे वाचलं, परीक्षेत जे लिहिलं, ते सगळं सख्ख्या भावाच्या अंगावर दिसत होतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "दादा, गोळी कधीपासून बंद आहे?"

कालपासून. ज्या घरच्या डॉक्टरांकडे दादा इतके दिवस जात होते, त्यांच्या दवाखान्यात आता त्यांचा जावई बसू लागला होता. सगळे त्याला जावईबापूच म्हणत. जावईबापूंनी गोळीचं नाव वाचलं, किती दिवस चाललीय ते विचारलं आणि त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. घाबरलेला माणूस ओरडतो, तसे तेही ओरडले. भरल्या दवाखान्यात दादांना नशेबाज म्हणाले, गोळी त्या क्षणापासून बंद केली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. दादा आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेले. बाहेर बाकावर बसलेल्या ओळखीच्या माणसांमधून ते कसे उठून आले, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"मी चोरून नाही घेतली गं. जशी लिहून दिली, तशीच घेत होतो," ते बहिणीला म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले. भूलताई त्यांच्या शेजारी बसल्या, आणि त्याही रडल्या. मग डोळे पुसून चष्मा शोधू लागल्या, तेव्हा दादांनीच रडता रडता त्यांच्या कपाळाकडे बोट दाखवलं.

हॉस्पिटलात मनोविकार विभागाचे एक डॉक्टर होते. बोलणं सावकाश, चालणं सावकाश, चहा पिणं इतकं सावकाश की त्यावर साय धरायची. त्यांना सगळे सावकाश डॉक्टर म्हणत. कोपऱ्यातल्या एका खोलीत ते गोळ्यांमध्ये अडकलेल्या माणसांवर उपचार करत, आणि त्या खोलीकडे इतर डॉक्टर शक्यतो बघतही नसत. त्यांनी दादांना तपासलं, शेवटची गोळी केव्हा घेतली ते नीट विचारलं, आणि जिभेखाली ठेवायची एक दुसरी गोळी अगदी थोड्या प्रमाणात सुरू केली. दिवस मावळायच्या आत दादांच्या जांभया थांबल्या. सावकाश डॉक्टरांनी त्यांना समजावलं की ही सवय चारित्र्यातली खोट नाही, हा शरीरानं औषधाशी केलेला समझोता आहे, आणि समझोता मोडायचा तर हळूहळू मोडावा लागतो. सवय रोगासारखी लागली, उपचारानं रोगासारखीच जाईल. दादा हे ऐकताना त्यांच्याकडे एकटक बघत होते. इतक्या दिवसांत त्यांना कुणी खुर्चीवर बसवून काही समजावलं नव्हतं.

भाऊ सावरला आणि बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भूलताई दादांच्या गोळीच्या वाटेनं उलट्या चालत गेल्या. जावईबापू म्हणाले, मी तर बंद केली, माझं काय चुकलं? त्यांचे सासरे म्हणाले, बड्या सरांनी सुरू केलेलं औषध मी कोण बंद करणार? औषध दुकानदार म्हणाला, डॉक्टरांची सही आहे, मी सहीशी वाद घालत नाही. वॉर्डातल्या निवासी डॉक्टरनं घरी जाताना सरांचीच औषधं पुढं लिहून दिली होती, आणि त्यात किती दिवस हे लिहायची पद्धतच नव्हती. आणि बडे सर म्हणाले, मी थोड्या दिवसांसाठीच दिली होती, पुढचं पुढच्यानं बघायचं. प्रत्येकाचं म्हणणं ऐकलं की प्रत्येक जण बरोबर वाटायचा. भूलताईंना याचाच जास्त राग आला. एखादा नालायक सापडला असता तर त्याच्यावर ओरडून मोकळं होता आलं असतं.

तेव्हा त्यांनी ठरवलं, शिकवायचं. दर गुरुवारी दुपारी हॉस्पिटलच्या सभागृहात डॉक्टरांची बैठक असायची. बाहेरचे दवाखानेवालेही यायचे, थोडे ज्ञानासाठी आणि बरेचसे चहा-बिस्किटांसाठी. भूलताईंनी पडद्यावर दाखवायला भरगच्च माहिती तयार केली. दिवे मालवले आणि निम्मं सभागृह झोपलं. ज्यांच्या हातून झोप यायला इंजेक्शन लागायचं, त्या बाईंना ते न देताच यश मिळालं, असं नंतर कुणीतरी म्हणालं. जे जागे होते त्यांनी पहिला भाग ऐकला. या गोळ्या सवय लावतात, जपून द्या, कारणाशिवाय लांबवू नका. दुसऱ्या भागात होतं की ज्याला सवय लागलीच आहे त्याची गोळी झटकन तोडू नका, त्याला विचारा, त्याच्यावर उपचार करा. पण दुसरा भाग सुरू होता होता चहाची गाडी आली. ती आली की बैठक संपते, हाही तिथला अलिखित कायदा. भूलताई अंधारात बोलत राहिल्या आणि लोक कपबशा घेऊन व्हरांड्यात गेले.

अर्धं शिकवलेलं अंगावर शेकतं, ते असं. पुढच्या काही दिवसांत शहरभरच्या डॉक्टरांचं धाबं दणाणलं आणि त्यांनी धडाधड गोळ्या बंद केल्या. अपघात विभागात घामाघूम, जांभया देणाऱ्या, पोट धरून बसलेल्या माणसांची रांग लागली. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या, एक ट्रक चालवणारा आला, कॅन्सरच्या वेदनांसाठी गोळी घेणारी एक म्हातारी आली, जिची गोळी बंद करायचं काहीच कारण नव्हतं. कुणीतरी संतापून खिडकीची काच फोडली. अधीक्षकांनी भूलताईंना बोलावून घेतलं. ते मुळात वाईट नव्हते, पण गोंधळाची त्यांना फार भीती. त्यांनी सांगितलं की व्याख्यानं बंद, आणि ही सगळी गर्दी ज्या खोलीमुळे जमतेय ती सावकाश डॉक्टरांची खोलीही बंद करायचा विचार आहे. ज्यांना सवय लागली त्यांनी दुसरीकडे बघावं.

भूलताईंच्या डोळ्यांपुढे दादा आले. दुसरीकडे म्हणजे कुठं? आठवड्यामागून आठवडे जिभेखालच्या गोळीवर स्थिरावलेले, परवाच रंधा हातात घेऊन एक फळी सपाट केलेले दादा. ती खोली बंद झाली तर त्यांची गोळी परत झटकन तुटणार होती, आणि या वेळी ते पलंगावरून उठतीलच याची खात्री नव्हती. भूलताईंनी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि एक गुरुवार मागितला. व्याख्यान देणार नाही, पडदा लावणार नाही. त्यानंतर सगळ्या डॉक्टरांनी मिळून खोलीचं काय ते ठरवावं, मान्य. अधीक्षक बराच वेळ पेन टकटक करत राहिले. मग म्हणाले, शेवटचा गुरुवार.

मागितला खरा, पण करायचं काय, हे भूलताईंनाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या थिएटरात पेशंटच्या उशाशी बसल्या होत्या. बड्या सरांचं काम संपत आलं. त्यांनी हात वर धरले आणि विचारलं, "मोजणी?" सिस्टर मोजू लागल्या. भूलताईंनी हा प्रकार हजारदा पाहिला होता. त्या दिवशी मात्र त्या स्टुलावरून अर्ध्या उठल्या, आणि सिस्टरांना वाटलं पेशंटचं काही बिघडलं.

आता प्रश्न दादांचा होता. गुरुवारी सभागृहात यायला ते नाहीच म्हणाले. एकदा भरल्या दवाखान्यात नशेबाज म्हणवून घेतलं ते पुरे झालं, आता भरल्या सभागृहात कशाला? भूलताईंनी विनवण्या केल्या, रागावल्या, रुसल्या. दादा जागचे हलेनात. मग वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "त्या खोलीबाहेर तुमच्या शेजारी बसते ना ती मास्तरीणबाई, तिला विचारून या, खोली बंद झाली तर ती कुठं जाणार ते." दादा उठून शेडमध्ये निघून गेले. गुरुवारी सकाळी मात्र त्यांनी दाढी केली आणि कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला.

सभागृहात त्या दिवशी दिवे लख्ख होते. समोर खुर्च्या एका रांगेत मांडल्या होत्या. दार बंद करून भूलताई स्वतः दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, आणि एवढ्या ऐसपैस बाईला बाजूला सारून चहाला जाणं कुणालाही शक्य नव्हतं. त्यांनी बड्या सरांना दाराजवळच्या पहिल्या खुर्चीवर बसायला बोलावलं. मग निवासी डॉक्टरला. मग घरच्या डॉक्टरांना. दुकानदारालाही आमंत्रण होतं, तो त्यांच्या शेजारी अंग चोरून बसला, आणि त्याच्या पलीकडे जावईबापू. शेवटच्या खुर्चीवर इस्त्रीच्या सदऱ्यातले दादा बसले. हे कोण, असं जरा कुजबुजणं झालं. बड्या सरांनी त्यांना ओळखलं आणि मान डोलावली. आपलं चांगलं झालेलं ऑपरेशन सर्जन कधी विसरत नाही.

भूलताईंनी खिशातून गॉझची पांढरी घडी काढली आणि सरांच्या हातात दिली. म्हणाल्या, "सर, ही म्हणजे तुम्ही सुरू केलेली वेदनेची गोळी. हिची गरज होती, तुम्ही योग्य तेच केलंत. आता हिचं काय केलंत, ते सांगा आणि पुढं द्या."

सर थोडे वैतागले. पण म्हणाले, थोड्या दिवसांसाठी दिली. घडी पुढं गेली. निवासी डॉक्टर म्हणाला, मी चालू ठेवली. घरचे डॉक्टर म्हणाले, मी चालू ठेवली. कुणीतरी मागं हसलं, कारण ऐकायला ते पाढे म्हटल्यासारखं वाटत होतं. घरच्या डॉक्टरांनी घडी दुकानदाराकडे दिली, दुकानदारानं ती परत त्यांच्याकडे दिली, त्यांनी परत त्याच्याकडे. दोघं तिथंच अडकले, आणि महिन्यामागून महिने नेमकं हेच चाललं होतं हे बघणाऱ्यांच्या हळूहळू लक्षात आलं. हसणं थांबलं. शेवटी घडी जावईबापूंकडे आली. ते खाली बघत पुटपुटले, मी ओरडलो आणि बंद केली. त्यांनी ती दादांच्या हातात ठेवली.

दादांनी ती मुठीत घट्ट धरली. बोलायचं त्यांनी पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. म्हणून जे आलं ते बोलले. गोळी सुटली त्या दिवशी अंगातून काय काय गेलं ते सांगितलं, कारागिराच्या डोळ्यांतली भीती सांगितली. "दुखणं तर तुम्ही काढलंत साहेब, त्याचे उपकार आहेत. पण हे आत राहिलं," एवढं म्हणून त्यांनी मूठ उघडून दाखवली.

भूलताई दारापासून हलल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्या इतक्या हळू बोलल्या की मागच्या रांगेला कान टवकारावे लागले.

"सर, मोजणी?"

बडे सर बसून राहिले. या माणसाला सगळ्यांसमोर कुणी प्रश्न विचारलेला तिथल्या कुणाला आठवत नव्हता. अधीक्षकांनी रुमाल काढला. मग सर उठले आणि एकेक खुर्ची ओलांडत शेवटच्या खुर्चीपाशी गेले. त्यांनी दादांच्या तळहातावरची घडी उचलली.

"एक कमी आहे," ते म्हणाले. "माझ्या टेबलावरची आहे. सापडल्याशिवाय मी कुणाला बाहेर सोडत नाही, आणि ही वर्षभर बाहेर हिंडत होती." मग ते अधीक्षकांकडे वळले. "ती खोली बंद करायची नाही. कुणी बंद केलीच, तर मी माझं थिएटर बंद करीन."

पहिली टाळी कुणी वाजवली ते कळलं नाही. दादा म्हणतात जावईबापूंनी, वहिनी म्हणतात दारामागून चहावाल्यानं. पण मग ती थांबेना. घरचे म्हातारे डॉक्टर उठून दादांचा हात हातात घेऊन उभे राहिले. जावईबापू पुढं आले आणि ज्या आवाजात त्यांनी नशेबाज म्हटलं होतं, तेवढ्याच मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी माफी मागितली. दादांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. सुताराची थाप ती, जावईबापू दोन पावलं पुढं गेले. भूलताई दाराला टेकून ढसाढसा रडत होत्या आणि एकीकडे ओरडत होत्या की कुणी उठायचं नाही, दुसरा भाग राहिलाय.

दुसरा भाग त्या दिवशी सगळ्यांनी ऐकला. चहा व्हरांड्यात थंड झाला. तिथून पुढं गुरुवारची बैठक बदलली. ज्यानं अशी गोळी सुरू केली त्यानंच ती कधी संपवायची ते लिहायचं, आणि पेशंटला पुढं पाठवताना पुढच्याला फोन करून सांगायचं, असं ठरलं. पुढच्याला शंका आली तर त्यानं मागच्याला फोन करायचा, आणि त्यात कुणाचा अपमान नाही, हे बड्या सरांनी स्वतःच्या तोंडानं जाहीर केलं. आठवडा उलटायच्या आत त्यांना इतके फोन आले की त्यांना आपल्याच घोषणेचा पश्चात्ताप झाला, पण ते एकेक फोन घेत राहिले. कॅन्सरच्या म्हातारीची गोळी तिला परत मिळाली, कारण जपून देणं म्हणजे न देणं नव्हे, हेही त्याच खुर्च्यांवर शिकवलं गेलं.

सगळ्यात गंमत यायची ती सरावाला. सवय लागलेल्या पेशंटशी बोलायचं कसं, हे डॉक्टर एकमेकांवर करून बघायचे. एकानं पेशंट व्हायचं, दुसऱ्यानं दोष न देता विचारायचं. पेशंट म्हणून बडे सर अगदीच कुचकामी निघाले. ते कण्हायचे सुद्धा हुकूम सोडल्यासारखे. उलट जावईबापूंना इतकं नीट विचारता येऊ लागलं की लोक त्यांच्या दवाखान्यात आपणहून सांगायला जाऊ लागले. कुणाची गोळी झटकन तोडायची नाही, सावकाश डॉक्टरांकडे पाठवायचं, आणि 'पाठवतो' म्हणून सुटायचं नाही, तर पोचला का ते विचारायचं. सावकाश डॉक्टरांच्या खोलीला आता शेजारची खोलीही मिळाली. ते सगळ्यांना भराभरा शिकवायला लागले, म्हणजे त्यांच्या मानानं भराभरा.

दादा दर बैठकीला यायचे. शेवटची खुर्ची त्यांची ठरून गेली होती. दर वेळी ती घडी हातोहात फिरत त्यांच्यापर्यंत पोचायची, आणि दर वेळी ते नव्या डॉक्टरांना काय काय झालं ते सांगायचे, थोडं वाढवूनही सांगू लागले होते. त्यांची जिभेखालची गोळी हळूहळू कमी होत होती. एकदा गोळी कमी केल्यावर त्रास झाला तेव्हा सावकाश डॉक्टर थोडे थांबले, मग पुन्हा पुढं सरकले.

पुढच्या वर्षी निवासी डॉक्टरांची नवी तुकडी आली. गुरुवारी खुर्च्या मांडल्या, बडे सर न सांगता पहिल्या खुर्चीवर जाऊन बसले, घडी एका हातातून दुसऱ्या हातात फिरू लागली. शेवटच्या नव्या डॉक्टरनं ती पुढं करायला हात लांबवला तर शेजारची खुर्ची रिकामी होती. तो गोंधळला. त्यानं विचारलं, पेशंट आले नाहीत का?

भूलताईंनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा त्याचा आवाज मोठा करून धरला. पलीकडून आधी यंत्राची घरघर आली, मग कुणावर तरी ओरडल्याचा आवाज, मग दादा.

"छकुले, आज जमायचं नाही. नव्या इमारतीच्या चौकटी बसवतोय, पोरं सगळं वाकडं करून ठेवतायत. आणि ऐक, सावकाश डॉक्टरांनी काल शेवटची गोळी थांबवली. सांगायचंच राहिलं. ठेवतो आता, हात गुंतलेत."

फोन बंद झाला. सगळं सभागृह रिकाम्या खुर्चीकडे बघत होतं. सावकाश डॉक्टर खिडकीशी उभे राहून गालातल्या गालात हसत होते. भूलताईंनी त्या नव्या डॉक्टरच्या हातातून घडी घेतली, रांगेच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि ती बड्या सरांच्या हातावर ठेवली. सरांनी सवयीनं दोन्ही हात वर धरले.

"मोजणी?" त्यांनी विचारलं.

"बरोबर, सर," भूलताई म्हणाल्या, आणि ते सभागृहातून पार थिएटरच्या दोन्ही दारांपलीकडे ऐकू गेलं.